माझ्या पाठीवरचा लाल रंग

मित्रांनो, मी छपरावरचे एक जुने कवेलू, म्हणजे मातीचे कौल आहे, आणि सरळच सांगते, मी रागावलेले आहे. तुम्ही म्हणाल, मातीच्या तुकड्याला कसला आलाय राग? साठ पावसाळे ज्याने घरात पाण्याचा थेंब येऊ दिला नाही, त्याला थोडे रागावायचा हक्क आहे. तेव्हा आधी ऐकून घ्या, मग काय ते म्हणा.

माझा जन्म नागभीडजवळ, पोचू कुंभाराच्या चाकावर झाला. कारखान्यातली सपाट कवेलू वेगळी. मी नळीचे कवेलू. पोचूने मातीची नळी उभी केली, ओली असतानाच ती मधोमध चिरली, आणि एका नळीची आम्ही दोन भावंडे झालो. धानाच्या कोंड्याच्या भट्टीत शेजारी शेजारी भाजलो आणि गुणवंतरावांच्या घरावर चढलो तेही शेजारीच. माझे जुळे उताणे, पाणी वाहून नेणारे. मी त्याच्या कडेवर पालथे, दोन ओळींमधली फट झाकणारे. ही वाटणी आम्हा दोघांनाही मान्य होती.

दर वर्षी मृगाच्या आधी चैतू यायचा. तो जंगलाकडच्या गावचा. त्याचा बापही हेच काम करायचा. खाली आधाराचा लाकडी फाटा कुठे आहे ते तळपायाने ओळखत तो अनवाणी चालायचा. एकेक कवेलू उचलायचा, अडकलेली कडुनिंबाची पाने झटकायचा, वानरांच्या उड्यांनी फुटलेली बाजूला काढून परसातल्या ढिगातली दुसरी बसवायचा. याला आमच्याकडे फेरणी म्हणतात. वर्षातून एकदा असा माणसाचा हात लागला, की आम्ही बारा महिने कुरकुर करत नसू. वैशाखात पाहुणे आले की म्हणायचे, "गुणवंतराव, तुमच्या घरी कूलरचं कामच नाई." तेव्हा मला फार बरे वाटायचे.

मग गुणवंतराव थकले. लेकीकडे नागपूरला जायचे ठरले आणि घर विकले गेले. घेणारी मंजुषा. ती कपडे शिवते, तिचा नवरा हेमराज रेल्वेत आहे. लग्नापासून बारा वर्षे भाड्याच्या खोल्यांत काढलेली बाई. पहिल्या दिवशी ती सगळ्या भिंतींना हात लावत फिरली, तेव्हा मला वाटले, आपण चांगल्या हातात पडलो.

गुणवंतरावांनी निघताना विहीर दाखवली, मीटर दाखवला आणि म्हणाले, "पोरी, मृगाच्या आधी चैतूले बोलावजो. कवेलू फेरून घेजो." मंजुषाने मान हलवली, पण तिच्या हातात टेप होता आणि मन पडद्यांच्या मापात.

त्यानंतर आला विक्की, चंद्रपूरचा ठेकेदार. मोबाइलवर फोटो दाखवत म्हणाला, "मॅडम, खाली पीओपीचं छत, वर कवेलूले लाल ऑइलपेंट. एकदम रिसॉर्टवाला लूक येते. अन् सिमेंटनं असे जाम करून टाकतो, का जिंदगीभर हालणार नाई."

मित्रांनो, मला कोणी विचारले नाही. माझ्या आणि माझ्या जुळ्याच्या मध्ये सिमेंट कोंबले, आणि पाठीवर लाल रंग फासला. साठ वर्षे कमावलेला माझा काळसर रंग दोन फटकाऱ्यांत गेला!

नेमका त्याच दिवशी चैतू आला. न बोलावताच, नेहमीसारखा.

"बाई, हे काय करून राह्यले?" त्याने खालूनच विचारले. "सिमेंट लावलं तं मी फेरू कसा?"

"आता फेरायचं कामच नाई, काका," विक्की शिडीवरून हसला. "परमनंट केलं."

मंजुषा म्हणाली, "चैतूभाऊ, दरवर्षीची कटकट कोणं करावं? एकदाचं पक्कं होऊन राह्यलं, तं होऊ द्या."

"मर्जी तुमची," म्हणून चैतू निघून गेला. मला ओरडता आले असते, तर मी तेव्हा ओरडले असते.

आषाढात वानरे आली, ती दर वर्षी येतात. तीन कवेलू फुटली, तीही दर वर्षी फुटतात. पाने साचली आणि सिमेंटच्या गोळ्यांना अडून राहिली. पाणी आत उतरले. पूर्वी एखाद्या फुटक्या कवेलूतून असा थेंब पडला की घरातल्यांना लगेच कळायचे. आता खाली ते गोरेगोमटे छत होते, तेच पाणी पीत बसले. त्यावर पिवळा डाग उठला, तर विक्कीने फोनवरून सांगितले, "एक हात पांढरा मारून घ्या." त्यांनी मारलाही.

मंजुषाची आई रुखमाबाई लेकीचे नवे घर पाहायला आली होती. दुपारी ती खाटेवर पडली असताना भिजलेले छत तिच्या अंगावर कोसळले. खांद्याचे हाड मोडले.

आणि दोष कोणाला? आम्हाला!

"कवेलूच सडके होते, मॅडम," विक्की म्हणाला. "टिनाचे पत्रे टाकून देतो. हा सारा मलबा रस्त्याच्या खड्ड्यात भरतो."

"काढून टाका," मंजुषा रडत म्हणाली. "मले एकबी कवेलू डोळ्यासमोर नको."

साठ वर्षांच्या चाकरीनंतर आमचे नाव मलबा! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी चैतू रुखमाबाईला पाहायला आला. टिनाचे ऐकून त्याने वर छपराकडे पाहिले. मग म्हणाला, "काढा, बाई. पण आधी एकदा वर चढून पाहा."

पाऊस थांबला होता. मंजुषा शिडीवरून वर आली. चैतूने तिला तुंबलेली पाने दाखवली, सिमेंट दाखवले, तिन्ही फुटकी कवेलू दाखवली.

"वानरं तं फोडतेच. तीन फुटले, तीन बदलवले, झालं. याच्यात कवेलूचा काय गुन्हा, बाई? तुमी त्याले बांधून टाकलं."

मंजुषाने सिमेंटच्या गोळ्यावर बोट फिरवले. मग म्हणाली, "ब्लाउज शिवतानी मी आत कापड राखतो, भाऊ. उद्या उसवा लागन म्हणून. अन् आपल्या घराले मात्र सिमेंट घालून बसली. चुकी माहीच हाय."

टिन रद्द झाले. चैतूने छिन्नीने एकेक कवेलू सोडवले. सुटता सुटता कितीतरी फुटली. माझे जुळेही माझ्यापासून सुटताना दुभंगले. परसातला ढीग पुरला नाही, आणि पोचूचे चाक केव्हाच थांबले आहे. नवे आणणार कुठून? शेवटी मागच्या खोलीवर टिन टाकावेच लागले. विक्कीने फुटके तुकडे मागितले, मोहर्लीकडच्या एका रिसॉर्टच्या भिंतीत लावायला. काल मलबा, आज शोभा! मंजुषाने त्याला फाटकाबाहेरच ठेवले.

मला पुन्हा पालथे ठेवायला चैतूने उचलले, तेव्हा ती म्हणाली, "हे उताणं ठेवा. लाल बाजू खाली."

"काऊन?"

"मले घरातून दिसाले पाह्यजे."

म्हणून आज मी माझ्या जुळ्याच्या जागेवर उताणे आहे. ते वाहायचे ते पाणी आता मी वाहते. खाली छत राहिलेले नाही, म्हणून घरातून माझी लाल पाठ दिसते; बाकीच्यांचा रंग आभाळाकडे आहे. माप द्यायला आलेल्या बाया वर पाहून विचारतात, "हे एकच लाल काऊन?" आणि मंजुषा मशीन थांबवून आपली चूक सांगते, काही न लपवता.

मित्रांनो, जुने घर घेताना भिंती मोजा, हवा तो रंग निवडा. पण त्या घराला दर वर्षी कोणाचा हात लागत होता, एवढे विचारायला विसरू नका.

माझा राग अजून गेलेला नाही. मात्र यंदा मृगाच्या आधी चैतूच्या मागोमाग मंजुषा अनवाणी वर आली. तिने मला उचलले, पाने झटकली, आणि परत ठेवताना लाल बाजू खालीच ठेवली.