पाठीमागची लाट

गोदामातून माल रवाना करणाऱ्या खात्याचे ते प्रमुख. हाताखालची माणसं त्यांना माघारी 'लगेचराव' म्हणत. कुणी काही विचारायचा अवकाश, यांचं उत्तर ठरलेलं, "लगेच!" घरीही तीच तऱ्हा. जेवताना एक घास तोंडात, दुसरा हातात आणि नजर तिसऱ्यावर. बायको न्हाणीघरात गेली की दोन मिनिटांत दारावर थाप. असं एखादं माणूस तुमच्याआमच्या घरातही असतंच, आणि खरं सांगायचं तर आपण त्याचं कौतुकच करतो. केवढा कामसू! केवढा तडफदार!

त्या वर्षी अकरा वर्षांच्या लेकीनं हट्ट धरला, सुट्टीत कालव्यातून बोटीनं फिरायचं. तीन दिवसांसाठी भाड्याची बोट मिळाली. बोट कसली, पाण्यावर ठेवलेली एक लांबट खोलीच ती. दोन बाकं, एक शेगडी, चार खिडक्या. चालवायची आपली आपणच. किल्ली देताना बोटवाला म्हणाला, "काठाला बांधलेल्या बोटी दिसल्या की माणूस चालतो तेवढाच वेग ठेवा, साहेब. त्यांच्यात लोक राहतात."

"हो हो, कळलं," म्हणत लगेचरावांनी किल्ली जवळजवळ हिसकावूनच घेतली.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. राखाडी पाणी, राखाडी काठ, बारीक भुरभुर. संध्याकाळी बोट परत करायची होती आणि वाटेत लॉक होतं. लॉक म्हणजे कालव्यातला पाण्याचा जिनाच. एक अरुंद, खोल हौद आणि त्याच्या दोन्ही टोकांना अवजड दारं. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी सोडलं की बोट हळूहळू खालच्या पातळीवर उतरते. हे लॉक पाचला बंद व्हायचं. साडेचार वाजून गेले होते.

वळण घेतलं आणि समोर बांधलेल्या बोटींची रांग आली. कुठे दोरीवर कपडे, कुठे खिडकीत दिवा.

"अहो, हळू घ्या," बायको म्हणाली.

"आता हळू घेतलं तर उद्या सकाळपर्यंत इथंच! एक दिवस चालतं."

त्यांनी वेग वाढवला. बोटीमागे लाट उठली आणि काठाला जाऊन आदळली. बांधलेल्या बोटी एकामागोमाग हेलकावल्या. एका हिरव्या बोटीतून भांडं पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एक किंकाळी. लांब, चिरकी.

"बाबा! कुणीतरी ओरडलं!"

"कुत्रंबित्रं असेल," लगेचराव म्हणाले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बायको परिचारिका होती, वीस वर्षं भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काढलेली. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

पाचला दहा कमी असताना ते लॉकवर पोहोचले. लॉकवाल्या मावशी साठीच्या, अंगात जाड रेनकोट. त्यांनी बोट आत घेतली, मागची दारं लावली आणि पाणी सोडलं. बोट उतरू लागली. दोन्ही बाजूंच्या शेवाळलेल्या, ठिबकत्या भिंती वर वर चढत गेल्या. तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. पाणी थांबवून त्या काठावर आल्या आणि खाली वाकून म्हणाल्या, "मागं हिरव्या बोटीतल्या म्हातारीच्या अंगावर उकळतं पाणी सांडलंय. रुग्णवाहिकेसाठी मला काठावरचं फाटक उघडायला जायला हवं. कुणीतरी सुसाट गेलं म्हणतात. तुम्ही काही पाहिलंत का?"

लगेचराव म्हणाले, "नाही."

मावशी किल्ल्या घेऊन निघाल्या. हौदात नुसतं पाणी ठिबकल्याचा आवाज. लेकीनं एकदा बापाकडे पाहिलं, आणि उठून आतल्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली.

बायको हलक्या आवाजात म्हणाली, "ते कुत्रं नव्हतं. भाजलेल्या माणसाचं ओरडणं मी रोज ऐकते. मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी गप्प बसले. आता नाही बसायची." औषधांची पिशवी खांद्याला अडकवून ती भिंतीतली लोखंडी शिडी चढू लागली.

पळून जायला वाट नव्हती, आणि घाई करायलाही काही उरलं नव्हतं. लगेचरावांना एकदम भडभडून आलं. तेही लेकीला घेऊन शिडी चढले आणि फाटकाकडे पळत सुटले.

"मावशी! मी खोटं बोललो! तो मीच होतो!"

मावशींनी फाटक उघडलं आणि मगच त्या वळल्या. बायको केव्हाच पुढे पळाली होती.

"पण मला माहीत नव्हतं हो, आत कुणी पाणी तापवतंय ते. आणि त्यांनीही बोट नीट बांधायला..."

"घट्टच बांधलेली आहे ती. नऊ वर्षं आहे तिथं," मावशी म्हणाल्या. "माहीत नव्हतं म्हणता? घरात चूल पेटते हे कुणाला माहीत नसतं? इथं प्रत्येक जण मला हेच सांगतो, आजच्या दिवस, मलाच तेवढी घाई. लाट उठते ती पाठीमागे, साहेब. करणाऱ्याला ती दिसतच नाही. पण ओरडणं तर ऐकू आलं होतं ना?"

रुग्णवाहिका चिखल उडवत लगेचरावांच्या समोरून गेली.

म्हातारीची लेक शिवणकाम करून दोघींचं पोट भरायची. त्या रात्री इस्पितळाच्या बाकावर ती बसली होती. बाहीला अजून सुई टोचलेली, त्यात दोरा तसाच. लगेचराव तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. पोलिसांना त्यांनी आधीच सगळं सांगितलं होतं.

"ताई, माझ्यामुळे झालं हे."

तिनं वर पाहिलं. "तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"हो."

"ऐकू आलं आणि गेलात?"

"हो."

"मग आता बसा इथं," ती म्हणाली. "मला एकटीला बसवत नाही. पण माफीबिफी मागू नका."

ते रात्रभर बसले. बायको म्हातारीच्या खाटेपाशी होती.

म्हातारी वाचली, पण मांड्या इतक्या भाजल्या होत्या की तिला पुन्हा पायावर उभं राहता आलं नाही. काठावरून बोटीत जायच्या अरुंद फळीवरून तिला नेणार कसं? बोटीतलं राहणं संपलं. मायलेकी एका गल्लीतल्या तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत राहायला गेल्या. तिथल्या खिडकीतून समोरच्या घराची भिंत तेवढी दिसे. लगेचरावांना कायद्यानं जी शिक्षा व्हायची ती झाली, पण त्या खिडकीचं काय करायचं, हे कुठल्याच कायद्यात नव्हतं.

दर शनिवारी ते तिथं जातात. म्हातारीला उचलून खुर्चीत बसवायला दोन माणसं लागतात. एक लेक, एक ते. पहिल्यांदा उचलताना त्यांनी सवयीनं झटका दिला आणि म्हातारी कळवळली. आता ते आधी विचारतात, "आजी, उचलू?" आणि ती हो म्हणेपर्यंत थांबतात. कधी कधी तिला हो म्हणायला बराच वेळ लागतो. तिच्या लेकीनं 'माफ केलं' हा शब्द अजून उच्चारलेला नाही, आणि त्यांनीही तो मागितलेला नाही.

मित्रहो, आपल्या घाईची झळ बहुतेक वेळा आपल्याला लागत नाही. ती लागते मागे राहिलेल्याला, जो आपल्याला ओळखतही नाही. चूक कुणाच्याही हातून होईल. पण किंकाळी ऐकूनही पुढे जाणं ही चूक नव्हे, तो अपराध आहे! म्हणून वेग आवरा. आणि मागून कुणी ओरडलं, तर ते कुत्रं असेल असं स्वतःला सांगू नका. थांबा, मागे वळा, जाऊन बघा.