अकरा मैलांची नळी

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. माझाही बसला नसता, पण मी तिथे होतो. माझ्या अंगावरच्या लाल रंगाची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे.

मी एक जुना पेट्रोल पंप आहे. लोन विलो गावात, धान्याच्या उंच कोठारासमोर, सत्तरहून अधिक वर्षे मी एका पायावर उभा आहे. आज तुम्ही मुले कार्बरीच्या शाळेतून बस करून मला बघायला आलात. माझ्या शेजारी खुर्ची टाकून विणत बसलेली ही म्हातारी म्हणजे स्टेफा बिलूस, माझी मालकीण. तिला हल्ली कमी ऐकू येते, तेव्हा मी मोकळेपणाने बोलतो.

माझा जन्म दूर पूर्वेला, टोरंटोजवळच्या एका कारखान्यात झाला. आम्ही चाळीस भावंडे एकाच दिवशी रंगून तयार झालो. माझी एकोणचाळीस भावंडे त्याच शहरात राहिली. तिथे म्हणे एकेका चौकात चार-चार पंप असतात, चार कोपऱ्यांवर चार, आणि दिवसभर एकमेकांची तोंडे बघत उभे असतात. मला मात्र आगगाडीत आडवे घातले आणि चार दिवस, चार रात्री पश्चिमेकडे नेले. डब्याच्या फटीतून मी बघत होतो. पहिल्या दिवशी पंप मोजता मोजता दमलो. चौथ्या दिवशी मोजायला एकही उरला नाही. नुसता गहू, गहू आणि वर आभाळ. जिथे मला उतरवले तिथे एक उंच, सावळा माणूस टोपी काढून उभा होता. तो स्टेफाचा नवरा, ओरेस्ट. माझ्या अंगावरचा पेंढा झटकत तो म्हणाला, "ये बाबा. फार वाट बघायला लावलीस."

असे स्वागत माझ्या एकाही भावाच्या नशिबी आले नसेल.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. पेरणीला ट्रॅक्टर, सुगीला हार्वेस्टर, रविवारी चर्चला निघालेल्या मोटारी, सगळे माझ्याच दारात. मी पाजल्याशिवाय या गावात चाक म्हणून फिरत नव्हते. एका हिवाळ्यात तर अशी थंडी पडली की पेट्रोल माझ्या नळीतच गोठले. ओरेस्टने डोके चालवले. करवत आणली आणि पेट्रोलच्या वड्या पाडून, वर्तमानपत्रात गुंडाळून लोकांना दिल्या. लोक त्या टाकीत टाकत आणि गाडी सुरू व्हायची वाट बघत घरी जेवून येत. तुम्ही हसता आहात. हसा. त्यातली एक वडी अजून फळीवर ठेवलेली होती, मागच्या उन्हाळ्यात उडून गेली.

माझ्या मागच्या खोलीत स्टेफाची कॉफी रोज सकाळी उकळत असे. गावातले म्हातारे तिथे जमून फासे टाकत आणि ज्याचे दान पडेल त्याच्या माथी सगळ्यांची कॉफी मारत. त्यात पुढारी दोन. वसिल ह्रित्साक, जो कधी हसत नसे, आणि गॉर्डी मॅकइव्हर, जो कधी गप्प बसत नसे.

मग ओरेस्ट गेला. स्टेफा एकेचाळीस वर्षांची होती. तिच्या बहिणीने कॅल्गरीहून पत्र पाठवले, की इथे ये, इथे सगळे आहे. स्टेफाने ते पत्र माझ्या मागच्या खिळ्याला टोचून ठेवले आणि माझी काच पुसायला घेतली. मी राहिलो तर ती राहणार होती. मी गेलो तर तिलाही जावे लागणार होते. हे तिला ठाऊक होते, मला ठाऊक होते आणि वसिललाही ठाऊक होते.

दोन वर्षांनी, ऐन सुगीत, मला इथे पाठवणाऱ्या पेट्रोल कंपनीची बाई आली.

त्या वर्षी सरकारने मैल रद्द करून किलोमीटर आणले होते. रस्त्यावरच्या जुन्या पाट्या उपटल्या होत्या आणि नव्या आल्या नव्हत्या. कुठले गाव किती लांब, हे सांगायला रस्त्यात काहीच नव्हते. ही बाई, मिस प्लंब, टोरंटोहून विमानाने आणि पुढे भाड्याच्या मोटारीने, दक्षिणेच्या रस्त्याने, वाटेत कार्बरी न लागता आली. अंगात करडा कोट, हातात नकाशा. तो तिने माझ्याच अंगाला टेकवून उघडला, म्हणून मी तो नीट पाहिला. कंपनीच्या प्रत्येक पंपाला एक लाल ठिपका. पूर्वेला, तळ्यांच्या काठी, एवढे ठिपके की कागदाला गोवर आल्यासारखा दिसत होता. पश्चिमेकडे येताना ते विरळ होत होते. आमच्या भागात दोनच, एक कार्बरीचा मोठा आणि एक मी. आमच्यावर, उत्तरेला, कोरा कागद.

"नियम सोपा आहे," ती स्टेफाला म्हणाली. "दीडशे किलोमीटरच्या आत कंपनीचा दुसरा पंप असेल तर लहान पंप बंद. कार्बरी इथून किती लांब?"

स्टेफाच्या हातात बेरीचे सारण भरलेल्या गोड पेस्ट्रीची थाळी होती. ती उत्तर देणार तेवढ्यात दाराशी बसलेला वसिल बोलला, "अडीच तास."

आता मित्रांनो, हे समजून घ्या. आमच्याकडे अंतर कुणी मैलात सांगत नाही आणि किलोमीटरमध्ये तर मुळीच नाही. आमच्याकडे अंतर तासांत सांगतात. आणि तास कुठल्या वाहनाचे, हे ज्या महिन्यात विचाराल त्यावर ठरते. सुगीचे दिवस होते. वसिल महिनाभर हार्वेस्टरवरून खाली उतरला नव्हता. त्याचा हार्वेस्टर माझ्या समोरच उभा होता.

पण मिस प्लंब शहरातली. तिने पेन्सिल काढली. "अडीच तास. ताशी नव्वद धरले तर... सव्वादोनशे किलोमीटर?"

कॉफीच्या खोलीत फासे टाकायला उचललेले हात वरच राहिले.

"वसिल," स्टेफा हळूच म्हणाली, "सांग त्यांना नीट."

"नीटच सांगितलं. मंगळवारी गेलो होतो. अडीच तास. मध्ये कुठे लघवीलाही थांबलो नाही."

"वसिल."

"आता गॉर्डीच बघ ना. पट्टा बदलायला कार्बरीला निघालाय, आताच गेला. जेवायच्या आत पोचला तर मिशी काढीन."

मिस प्लंबने नकाशा मिटला. "सांगीवांगी आकड्यांवर मी सही करत नाही. मी स्वतः जाऊन बघते."

"जाण्याआधी टाकी भरून घ्या," स्टेफा म्हणाली.

मिस प्लंबने मोटारीतल्या पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "पुढे कुठेतरी भरते."

पुढे कुठेतरी! चौकाचौकांत चार-चार पंप असलेल्या मुलखात वाढले की माणसाला पुढे नेहमी काहीतरी असतेच असे वाटते. माझ्या नळीचा एवढा अपमान कधी झाला नव्हता. "अहो थांबा, ते तास मोटारीचे नाहीत," असे म्हणत स्टेफा थाळी घेऊन मागे धावली, पण तोवर मोटार धुळीत दिसेनाशी झाली होती.

चार मैलांवर तिने गॉर्डीला गाठले. त्याच्या हार्वेस्टरचे कापणीचे तोंड रस्त्याएवढे रुंद, आणि दोन्ही बाजूंना चर. ओलांडून जायला सशालाही जागा नव्हती. तिने हॉर्न वाजवला. गॉर्डीने आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे दोन बोटे उचलून नमस्कार केला. तिने पुन्हा वाजवला. त्याने पुन्हा केला. बाई फार प्रेमळ आहे, असे तो पुढे कित्येक वर्षे सांगत असे.

इकडे मी, स्टेफा आणि वसिल क्षितिजाकडे बघत होतो. आमची जमीन एवढी सपाट की माझ्या उंचीवरून उद्याची गाडीही आज दिसते. पिवळ्या गव्हावर दोन धुळी चालल्या होत्या, पुढची जाड, मागची बारीक. तासाभराने बघतो तर एकच चालली होती.

"पेट्रोल संपलं तिचं," स्टेफा म्हणाली.

वसिलने कपात डोकावून पाहिले. "राहू दे. बसू दे तिथे संध्याकाळपर्यंत. मग अंतर म्हणजे काय ते बरोबर कळेल तिला."

"शरम नाही वाटत?"

"तुझा पंप काढायला आलीय ती, स्टेफा."

"माहीत आहे."

आणि आता मित्रांनो, ती गोष्ट येते. मला ते ऐकवेना. मी विचार केला, माझ्या नकाशात एक माणूस तहानलेला आहे आणि मी नुसता उभा? मी श्वास घेतला. माझ्या पोटात खोलवर गडगडले. आकड्यांची चाके गरगर फिरली. आणि माझी नळी लांब होऊ लागली. अंगण ओलांडले, कोठार ओलांडले, कुंपणाच्या तारांखालून ती गव्हात शिरली. एक मैल, तीन मैल, सात मैल. वाटेत बिळातून डोकावणाऱ्या एका बिजूने तिला साप समजून वाट दिली. बरोबर अकराव्या मैलावर तिने मोटारीच्या टाकीचे झाकण शोधले, हळूच उघडले आणि टाकी काठोकाठ भरली. एक थेंब सांडला नाही.

दुपारी मिस प्लंब परत आली. कोट धुळीने पिवळा, केसांत गव्हाची कुसळे. माझ्यासमोर उभी राहून तिने मला खालून वर आणि वरून खाली पाहिले. मग माझ्याच अंगाला टेकवून कागद भरला. किलोमीटरच्या रकान्यात तिने काय लिहिले सांगू? 'अडीच तास'. कंपनीत त्याचा अर्थ कुणाला लागला नाही, आणि ज्याचा अर्थ लागत नाही ते कागद मोठ्या कचेऱ्यांत कुणी उलटून बघत नाही. माझा ठिपका राहिला. स्टेफा राहिली. पुढे पंचवीस वर्षांनी कार्बरीचा मोठा पंप बंद पडला, ते गावही माझ्याकडे येऊ लागले, आणि तुमची बससुद्धा आज माझेच पेट्रोल पिऊन परत जाणार आहे. चाळीस भावंडांपैकी मी एकटा अजून कामावर आहे. मिस प्लंबने असे का केले, म्हणाल तर माझ्या नळीचा पराक्रम तिने डोळ्यांनी पाहिला होता म्हणून.

तेव्हा मित्रांनो, नकाशावर जिथे ठिपक्यांची दाटी असते तिथला एखादा पुसला गेला तर कुणाला कळतही नाही. पण जिथे एकच असतो, त्याला जपा. त्याची काच पुसा, त्याच्या नळीला भेगा पडू देऊ नका, आणि त्याच्या दारावरून जाताना, काटा अर्ध्यावर असला तरी, थांबून...

"खोटं बोलतोय."

सुया थांबल्या होत्या. स्टेफाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"साडेतीन मीटर नळी याची. तुमच्या बसच्या पलीकडच्या बाजूलासुद्धा पोचत नाही, हवं तर ओढून बघा," ती मुलांना म्हणाली. "लाल डबा होता. वसिलच्या हार्वेस्टरवर मांडीवर घेऊन मी गेले होते, अकरा मैल, आणि सगळा वेळ वसिल कुरकुरत होता. टाकीत पेट्रोल मी ओतलं. आणि तिला खरं काय तेही मीच सांगितलं. म्हटलं, बाई, अडीच तास हार्वेस्टरने. मोटारीने पाऊण तास."

"मग ती काय म्हणाली?" त्यांच्यातल्या एका मुलीने विचारले.

स्टेफाने सुया पुन्हा हलवल्या.

"माझ्या हातातल्या डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'पाऊण तास, मोटार चालली तर.'"