विसरभोळ्या मावशीची फाईल

त्याने जाडजूड फाईल डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली आणि रुमालाने तिच्यावरची धूळ पुसली. धूळ तशी नव्हतीच, पण हातांना काहीतरी काम हवं होतं.

मागच्या खेपेला डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "आईंचं हे विसरणं नेमकं कधीपासून?" तो बेधडक म्हणाला होता, "असेल सात-आठ महिने." त्यावर त्यांनी तारखांसकट लिहून आणायला सांगितलं. घरी आठवायला बसला आणि उठून कपाटातून ही स्किटांची फाईल काढली. तारखा लिहिलेल्याच होत्या.

तो ज्या विनोदी स्किटांच्या कार्यक्रमासाठी लिहायचा, तो सव्वीस वर्षं दर शनिवारी टीव्हीवर लागत होता. नट बदलले, निर्माते बदलले, पण लोकांनी काही त्याचा पिच्छा सोडला नाही. आताही बाहेर बाकांवर बसलेले पेशंट आपापली दुखणी विसरून जुना भाग बघत खिदळत होते. लेखकांना तिथे एक शिस्त होती. विनोद कुठून सुचला ते तारखेसह पानाच्या कोपऱ्यात लिहायचं, म्हणजे तोच विनोद पुन्हा गळ्यात पडत नाही. त्याने लिहिलेलं विसरभोळ्या मावशीचं पात्र तर गेली सहा वर्षं धुमाकूळ घालत होतं. लोक रस्त्यात अडवून विचारायचे, "सुचतं तरी कसं हो तुम्हाला?"

पहिलं पान उघडताच डॉक्टरबाईंचा चेहरा खुलला.

"अय्या, मावशी तुम्ही लिहिता? आमच्याकडे शनिवारी तिच्यासाठी जेवणं लवकर उरकतात!"

"वरचा कोपरा वाचा," तो म्हणाला.

'आईकडून. चपला फ्रिजमध्ये.' सहा वर्षांपूर्वीची तारीख.

'आईकडून. एका सकाळी तीनदा तोच साबण आणला.'

'आईकडून. स्वतःच्याच दाराची बेल वाजवत उभी.'

या शेवटच्या स्किटला लोक हसून हसून लोळले होते. ते सांगताना फोनवर आईचा आवाज रडवेला झाला होता, हे त्याला चांगलं आठवत होतं. आणि आपण काय म्हणालो, तेही. "थांब, थांब आई, पेन घेतो."

डॉक्टरबाई आता हसत नव्हत्या. त्या पानं उलटून फक्त तारखा उतरवून घेत होत्या.

"तेव्हाच आणलं असतंत तर..." एवढं बोलून त्या थांबल्या.

तो फाईलची नाडी बोटाभोवती गुंडाळत राहिला. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शेजारच्या खुर्चीत आई मांडीवर पर्स धरून बसली होती. तिने डॉक्टरबाईंच्या गंभीर चेहऱ्याकडे पाहिलं, मग मुलाच्या उतरलेल्या. ती पुढे वाकली.

"हसा ना हो जरा. माझ्या मुलाने लिहिलंय ते. फार मनाला लावून घेतो तो."

डॉक्टरबाईंनी कसंबसं हसून दाखवलं. आईला ते पटलं नसावं. तिने त्याचा हात थोपटला.

"नाही आवडलं तर जाऊ दे रे. पेन घे. दुसरं सांगते तुला, याच्याहून भारी."

त्याने खिशातून पेन काढलं. आई हसतमुखाने बोलायला म्हणून तोंड उघडून बसली, आणि आठवत राहिली.