चोच पोचत नाही तिथली पिसं

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत पोचला होता.

"हा मुका जीव तुमची पीडा अंगावर ओढून घेतो!" बुवा गरजले. "एक पीस गळलं, की एक दुखणं पळालं!"

त्यांनी पिंजऱ्यावरचा काळा कपडा काढला. घरातल्याच करड्या पोपटाची छाती पार उघडी पडली होती. बुवांनी डोळे मिटले, ओठ पुटपुटले. कुठेतरी 'टक्' झालं. पोपट दचकला आणि त्याने पंखाखालचं पीस उपटलं. गर्दीने हात जोडले.

चहाचा ट्रे घेऊन घरची सून दाराशी उभी होती. तीन आठवडे हेच चाललं होतं. पोपट कपड्याखाली आणि ती या दोन खोल्यांत. रजा वाढवून वाढवून नोकरी जायची वेळ आली होती. आतल्या खोलीत सासरे अर्धांगवायूने पडून होते. बुवांच्या शब्दावर सासूबाईंनी त्यांच्या गोळ्या आणि व्यायाम बंद केला होता. "पोपट घेतोय ना सगळं," असं म्हणून त्या तिचं तोंड बंद करायच्या.

आज मात्र गर्दीत तिने गुपचूप बोलावलेली पक्ष्यांची डॉक्टर बसली होती.

"बुवा, याच्या डोक्यावरची पिसं शाबूत कशी?" डॉक्टरने विचारलं.

"तो देवाने दिलेला मुकुट आहे, बाई!"

"मुकुट कसला? स्वतःची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही, एवढंच. लोकांची पीडा पिसं उपटत असती, तर तिने डोकं का सोडलं असतं?"

कुजबुज सुरू झाली. दर वेळी पिसाआधी 'टक्' होतं आणि ते बुवांच्या उजव्या मुठीतून येतं, हे सुनेने हेरून ठेवलं होतं. ती पुढे झाली.

"बुवा, आधी चहा घ्या. कप फार गरम आहे, दोन्ही हातांनी धरा."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? बुवांनी मूठ सोडली आणि मांडीवरून पत्र्याचा बेडूक खाली घरंगळला. दाबला की टक् वाजणारं खेळणं! सुनेने तो उचलून सगळ्यांना दाखवला.

"आता मंत्र म्हणा ना," मागून कोणीतरी म्हणालं. बुवांनी म्हटला. पोपट ढिम्म.

बुवा चपला शोधायला लागले, तेव्हा सासूबाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "पण बुवा यायच्या आधीपासून उपटतोय तो. का?"

"रक्त तपासू, आजार असेल तर कळेल," डॉक्टर म्हणाली. "पण याच्याशी दिवसभर कोण बोलायचं?"

"हेच, आजारी पडेपर्यंत," सासूबाईंनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

रक्तात काही निघालं नाही. पोपट एकटा पडला होता, कंटाळला होता, आणि वर त्या 'टक्'ची भीती. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांऐवजी भाज्या-फळं, रोज पाण्याचा फवारा, कुरतडायला लाकूड, रात्री पुरेशी झोप, असं सुरू झालं. पिंजरा सासऱ्यांच्या उशाशी गेला. गोळ्या सुरू झाल्या. लुळ्या हाताने पोपटाला शेंग भरवणं, हाच त्यांचा व्यायाम.

सून कामावर रुजू झाली. वाया गेलेले तीन आठवडे मात्र परत आले नाहीत. सासऱ्यांची दोन बोटं अजून वळत नाहीत आणि पोपटाच्या छातीचा एक ठिपका उघडाच राहिला.

शेजारीण अजूनही दुखण्यावर उतारा म्हणून पीस मागायला येते. सासूबाई तिला दारातच विचारतात, "दुखतंय काय ते आधी सांग. चल, डॉक्टरकडे मी येते सोबत."

बाबांनो, कारण शोधायला थोडा वेळ लागतो. पण ते सापडलं, तरच उपाय सापडतो.