तेरा सेंटिमीटरचं आमंत्रण

क्लिफर्ड एंटविसलने नगरपालिकेसाठी छत्तीस वर्षं पाट्या रंगवल्या, आणि एवढ्या वर्षांत ‘या’ हा शब्द लिहायची वेळ त्याच्यावर एकदाही आली नाही. गवतावर चालू नये. बदकांना पाव घालू नये. इथून आत जाऊ नये. उत्तर इंग्लंडमधल्या लँकशरच्या त्या गावात माणसं जिथे जिथे जात नसत, तिथे तिथे क्लिफर्डचा हात होता.

निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी त्याचा भाऊ रॉनी गेला. दोघेही बिनलग्नाचे, एकाच घरात राहणारे. रॉनी फारसा बोलत नसे. पण त्याचं न बोलणं दुसऱ्या खोलीतून ऐकू यायचं. आता तेही बंद झालं. मग वृद्धांच्या सदनिकांचा एक अर्ज क्लिफर्डच्या घरी आला: एक खोली, खाली सामायिक बैठक, बाग नाही. उत्तर एकतीस मार्चपर्यंत द्यायचं होतं. अर्ज भरून त्याने तो किटलीखाली ठेवला आणि स्वतःशी एक सौदा केला. मागच्या अंगणात तळं खणायचं. एकतीस मार्चच्या आत एक जरी बेडूक आला तर राहायचं, नाहीतर जायचं.

तळ्यात अंथरायचं काळं रबरी कापड घ्यायला तो दुकानात गेला. गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं, “काय रे लाडक्या, मासे सोडणार वाटतं?”

“नाही. मासे बेडकाची पिल्लं खातात.”

“मग त्यात राहणार कोण?”

“जे येतील ते.”

“बरं हो, लाडक्या.”

त्या सगळ्यांनाच ‘लाडक्या’ म्हणत. क्लिफर्डच्या देखत त्या एका हातगाडीलाही म्हणाल्या होत्या. तरी तो लांबच्या रस्त्याने घरी गेला, म्हणजे तो शब्द जरा जास्त वेळ पुरावा.

वाचनालयात मिळालेल्या तळ्यांवरच्या एका पुस्तिकेत नियम होते. एक काठ उतरता ठेवावा, म्हणजे आत पडलेल्याला बाहेर येता येतं. शेजारी ओंडके रचावेत. दुसऱ्याच्या तळ्यातून बेडूक किंवा अंडी उचलून आणू नयेत. ज्याला यायचं तो आपल्या पायांनी येतो. आणि तळं नळाच्या नव्हे, पावसाच्या पाण्याने भरावं.

बारमाही पावसाच्या लँकशरमध्ये पावसाची वाट बघावी लागलेला क्लिफर्ड हा बहुधा पहिलाच माणूस. खड्डा तयार झाला आणि ऑक्टोबरात तीन आठवडे लख्ख ऊन पडलं. टपालवाला म्हणाला, “काय सुंदर हवा पडलीय, मिस्टर एंटविसल!”

“माफ करा,” क्लिफर्ड म्हणाला. “माझ्यामुळे आहे.”

अखेर तळं भरलं. क्लिफर्डने एक वही सुरू केली: तारीख, पाहुणा, संख्या. जानेवारीत कबूतर एक; पाणी प्यायलं, घाण केली, गेलं. प्लॅस्टिकची पिशवी एक; दोन दिवस राहिली. फेब्रुवारीत एक कस्तुर पक्षी अंघोळीला आला आणि क्लिफर्डकडे अशा नजरेने बघू लागला की तोच पाठ करून उभा राहिला. पाणनिवळ्या, म्हणजे पाण्यावर सरकणारे किडे, चार. बेडूक शून्य.

पुस्तिकेत शेवटचा नियम हेजहॉगचा होता. दोन मुठींएवढा काटेरी प्राणी, कुंपणं आडवी आल्यामुळे कुठे जाऊ शकत नाही; त्याच्यासाठी कुंपणाच्या तळाशी तेरा सेंटिमीटरचं भोक पाडावं. आधी शेजाऱ्यांना विचारावं.

शेजारी मिसेस पिकल्स राहत. एकोणीस वर्षं दोघं कुंपणावरून बोलत होते, आणि प्रत्येक बोलणं दोघांच्याही एकाच वाक्याने संपे: “कधीतरी चहाला यायलाच हवं हं तुम्ही.” त्या गल्लीत या वाक्याचा अर्थ ‘बरंय, निघू या आता’ असा होता. एक नवा भाडेकरू एकदा खरोखरच गेला होता. बिचाऱ्याला पुढे घर बदलावं लागलं.

क्लिफर्डने पत्र लिहून भोकाची परवानगी मागितली. मिसेस पिकल्सनी, त्याच टपालवाल्याच्या हाती, पत्राने ती दिली. भोक पडलं. पण पाटीशिवाय भोक म्हणजे नुसती मोडतोड, असं छत्तीस वर्षांचा अनुभव सांगत होता. हेजहॉगला वाचता येत नाही हे त्याला ठाऊक होतं. बदकांनाही येत नसे, म्हणून काय पाट्या लावल्या नव्हत्या? त्याने फळी घासली आणि ‘या’ लिहिला. पहिला ‘या’ पुसून पुन्हा काढावा लागला. मग स्टुलावर चढून, कुंपणावरून वाकून, हेजहॉग त्या बाजूने येणार म्हणून, त्याने मिसेस पिकल्सच्या बाजूला भोकाच्या वर पाटी टांगली:

या. केव्हाही. इकडून.

नऊ दिवस कोणीही आलं नाही. दहाव्या दिवशी, सव्वीस मार्चला, भोकातून एक पाकीट आत सरकलं.

‘प्रिय मिस्टर एंटविसल, आमंत्रणाबद्दल आभारी आहे. आठवडाभर विचार केला, मोजमापही घेतलं. पण मला इकडून येणं जमेलसं दिसत नाही. पुढच्या दाराने आले तर चालेल का? तसं पाटीवर नाही, म्हणून विचारते. आपली, ग्लेनिस पिकल्स.’

क्लिफर्ड पायरीवर बसला. हे हेजहॉगसाठी होतं, असं कळवणं हाच सभ्यपणा होता. त्याने तसं लिहिलंही. मग तो कागद ओंडक्यांखाली सारला, दुसऱ्यावर ‘चालेल. गुरुवारी, चार वाजता’ एवढंच लिहिलं आणि भोकातून पलीकडे ढकलला.

गुरुवारी एकोणतीस तारीख होती. मिसेस पिकल्स टोपी घालून आल्या. दोघं तळ्याकाठी खुर्च्यांवर बसले.

“यात कोण असतं?” त्यांनी विचारलं.

“सध्या कोणी नाही.”

“छान आहे,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने: “रॉनी गेला तेव्हा मी येणार होते. केकही केला होता. पण तुम्ही ‘कधीतरी’ म्हणाला होतात. म्हटलं, हे ‘कधीतरी’ तेच कशावरून?”

“केक कसला होता?”

“आल्याचा.”

“मला आवडतो आल्याचा.”

“मलाही. मीच खाल्ला.”

पाणनिवळी या काठावरून त्या काठावर गेली. दोघांनी तिच्याकडे सविस्तर पाहिलं. वीस मिनिटांनी मिसेस पिकल्स उठल्या आणि दारात म्हणाल्या, “तुम्हीही या हं कधीतरी.”

क्लिफर्ड सवयीने दार लावू लागला. दार अर्धं लागलं होतं.

“कधीतरी म्हणजे कधी?” त्याने विचारलं.

त्या गल्लीत हे कोणी कोणाला विचारलं नव्हतं. मिसेस पिकल्सनी टोपी काढली, पुन्हा घातली. “मेमध्ये बघू या,” त्या शेवटी म्हणाल्या. “मला जरा तयारी लागेल, मिस्टर एंटविसल.”

“सावकाश.”

आत येऊन त्याने वहीत लिहिलं: २९ मार्च, मिसेस पिकल्स, एक, पुढच्या दाराने. बेडूक शून्य. पुढचे दोन दिवसही शून्यच गेले. एकतीसला त्याने किटली उचलली. अर्जावर तिचा गोल डाग पडला होता. त्याने आधी लिहिलेलं सगळं खोडलं आणि खाली पाटीच्या अक्षरात लिहिलं: ‘क्षमस्व. येऊ शकत नाही. मेमध्ये एका ठिकाणी चहाला जायचं आहे.’

तो टपालात टाकून आला आणि तळ्याकाठी जाऊन बसला. दुसरी खुर्ची अजून तिथेच होती. एप्रिल तीस दिवसांचा असतो, हे त्याने एकदा बोटांवर मोजून पाहिलं.