‘दूसरी चौखट’ बंद पडली तेव्हा

खरवईच्या त्या चाळीत टीव्ही दोनच. एक टोकाच्या खोलीतल्या मास्तरांकडे, पण ते शाळेत जाताना टीव्हीच्या कपाटाला कुलूप घालून जायचे. दुसरा शालनकडे, तोही रंगीत. त्यामुळे दुपारी तीनला ‘दूसरी चौखट’ लागायची वेळ झाली की बायका आपापली बोचकी उचलून शालनच्या दारात हजर.

बोचक्यांत जीनच्या पॅन्टी असायच्या. उल्हासनगरच्या एका शेठकडून अंजनी त्या आणायची आणि चाळीत वाटायची. शिलाईचे लोंबते धागे कापायचे, घड्या घालायच्या, माल परत. हात कामात, डोळे टीव्हीत. मालिकेतली वसुधा सासरहून हाकललेली, दोन लेकरं घेऊन परक्या शहरात शिवणकामाचं दुकान थाटून बसलेली. सासूनं मुलांसाठी कोर्टात दावा लावला, त्या दिवशी अंजनीच्या हातून एका चांगल्या पॅन्टीचा खिसा कापला गेला. कौसाबाई तर पडद्यावरच्या सासूला तोंड भरून शिव्या द्यायची. ती खरवई गावातलीच, सत्तरी ओलांडलेली. हिंदी तिला अर्धीच कळायची, उरलेली अंजनी कानात सांगायची.

अंजनी आणि शालन एकाच वर्षी चाळीत राहायला आलेल्या. अंजनीच्या दुसऱ्या बाळंतपणात तिची आई येऊ शकली नाही, तेव्हा शालननंच तिला न्हाऊ-जेवू घातलं होतं. त्यामुळे त्या घरात शिरताना अंजनीनं कधी दार वाजवलं नाही.

एकदा मालिका संपल्यावर शालन म्हणाली, “अगं, ह्यांच्या पेपरात आलंय. आपली मालिका बंद करणारेत म्हणे.”

“बंद? अशी मधेच?” अंजनीचा हात थांबला.

“दुपारच्या बऱ्याच मालिका काढणारेत. अजून पक्कं नाही.”

कौसाबाई उठता उठता पुन्हा खाली बसली. “आन् त्या पोरांचा काय? कोनाकडं जातील ती? तेवढा तरी दाखवा म्हनावं, मंग काय करायचा तो करा.”

टीव्हीवाल्यांना पोस्टकार्डं टाकायची कल्पना अंजनीची. शालननं पेपरातून टीव्ही केंद्राचा पत्ता काढला. तिचं अक्षर वळणदार, म्हणून सगळ्या कार्डांवर पत्ता तिनंच लिहिला. ‘आमच्या वसुधाला अर्ध्या वाटेत सोडू नका,’ असं अंजनीनं लिहिलं. कौसाबाईनं अंगठा उठवला आणि एवढ्यावर न थांबता अंबरनाथच्या महादेवाला जाऊन आली. पोरं आईला मिळेपर्यंत चहात साखर घेणार नाही, असं तिथं बोलून आली.

थोड्या दिवसांनी सकाळी शालन नळावर भेटली. हंडा भरून वाहत होता, तिचं लक्ष नव्हतं.

“झाली गं बंद,” ती म्हणाली. “पेपरात आलंय, आजपासून तीनला शेतीचा कार्यक्रम. आपली कार्डं कुणी वाचलीसुद्धा नसतील.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अंजनीनं शालनचे डोळे आपल्या पदरानं पुसले. “जाऊ दे गं. आपल्यासारख्यांचं कोण ऐकतंय?” म्हणाली.

मग बायका आपापल्या खोलीत धागे कापू लागल्या. तीन वाजले की अंजनीला उगीच चुकल्यासारखं व्हायचं. टीव्हीवाल्यांचा राग यायचा. माणसाला जीव लावायला लावायचं आणि एक दिवस बटण बंद करून निघून जायचं, ही कुठली रीत?

त्या महिन्यात एका दुपारी ती माल पोचवायला उल्हासनगरच्या कॅम्प एकला गेली. शेठचं घर दुकानाच्या मागेच. ऊन फार होतं, म्हणून पाणी मागायला ती आत डोकावली, आणि उंबऱ्यावरच थांबली. समोर टीव्हीवर कोर्ट होतं. साक्षीच्या पिंजऱ्यात वसुधा उभी होती.

“भाभी, ये पुराना दिखा रहे क्या?”

“पुराना कैसा?” शेठची बायको नजर न हलवता म्हणाली. “रोज आता है. आज तो फैसला है, बैठ.”

“पर ये बंद हुआ ना?”

“होनेवाला था. फिर पब्लिक ने इतने कार्ड डाले, इतने कार्ड डाले, के चालू रखना पडा. टीवी पे ही बोला उन लोग ने. एक दिन भी बंद नहीं हुआ.”

न्यायाधीशांनी निकाल वाचला. लेकरं धावत वसुधाला बिलगली. शेठची बायको डोळे टिपू लागली. अंजनी हातात भरला पेला घेऊन तशीच उभी. इतके दिवस जे बघायला जीव टाकला होता ते समोर चाललं होतं आणि तिच्या मनात काहीच हलत नव्हतं. शालनच्या घरी पेपर येतो. शालनकडे टीव्ही आहे. एवढंच डोक्यात फिरत होतं.

खरवईला परतल्यावर नवं बोचकं काखेत घेऊनच ती शालनच्या दारात गेली. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं कडी वाजवली.

“वसुधाला पोरं मिळाली,” ती म्हणाली.

शालनचा चेहरा उतरला. कुठे, कसं, काहीच तिनं विचारलं नाही. मागे नवा सोफा दिसत होता, फिक्या रंगाचा.

“ह्यांनी सोफा घेतला,” शालन हळूच म्हणाली. “पॅन्टींचा निळा रंग सगळीकडे लागतो, धाग्यांचा कचरा. हे रोज कटकट करायचे, घर आहे का कारखाना म्हणून. तुम्हाला येऊ नका कसं सांगू? जीभ उचलेना. पेपरात आलंच होतं, मग म्हटलं...”

“खाली बसलो असतो. बाहेरून बघितलं असतं. येऊ नका म्हणाली असतीस तर दोन दिवस रुसले असते, तिसऱ्या दिवशी आले असते बोलायला.” अंजनी म्हणाली. “पण तू नळावर रडलीस, शालन. मी तुझे डोळे पुसले.”

“ते रडणं खोटं नव्हतं गं.”

अंजनीनं काखेतलं बोचकं सावरलं. ती वळली.

संध्याकाळी तिनं सगळ्यांना सांगितलं. कुणी शालनला, कुणी तिच्या नवऱ्याला बोल लावला. कौसाबाईनं मात्र एवढंच विचारलं,

“पोरं आयसकडं आली ना?”

“आली, मावशी.”

“मंग बरा झाला.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “तिच्याकडं गेलं का ती मला च्या द्यायची. बिनसाखरेचा. इचारून द्यायची, मावशी, अजून साखर बंदच हाय का? आन् तिला सगळा ठावं व्हता.”

दुसऱ्या दिवशी दुपारी शालननं दार सताड उघडलं. सोफ्यावर जुनी चादर अंथरली, जमिनीवर सतरंजी टाकली आणि टीव्हीचा आवाज चाळभर जाईल एवढा मोठा केला. मग उंबऱ्यात येऊन उभी राहिली. कुणाला हाक मारायचं धाडस तिला झालं नाही.

बायका आपापल्या ओट्यावर पॅन्टी घेऊन बसल्या होत्या. एकीनं मान वर केली, मग शेजारणीकडे बघून पुन्हा खाली घातली.

“काय म्हनतंय गं ती वसुधा?” कौसाबाईनं अंजनीला विचारलं.

अंजनीला शब्द न् शब्द ऐकू येत होता. वसुधा लेकरांना नव्या शाळेचं नाव सांगत होती.

“ऐकू येत नाही, मावशी,” ती म्हणाली आणि ढिगातली पुढची पॅन्ट तिनं मांडीवर ओढली.