गॅडोलिनियमची काळी भुकटी

प्रयोगशाळेचं दार उघडताच हन्नाबाईंना अमोनियाचा पुसट वास आला. काय झालंय ते नमुन्याची नळी दिसण्याआधीच कळलं.

गॅडोलिनियम नायट्राइड काळं असतं. कोरड्यात टिकतं; दमट हवा लागली की अमोनिया सोडत पांढुरकं पडतं, ते पुन्हा काळं होत नाही. नगरच्या या कॉलेजात बाईंनी ते जेमतेम दोन ग्रॅम केलं होतं. त्यासाठीचा धातू परदेशातून यायलाच तीन वर्षं गेली होती. पराकोटीच्या थंडीत ते लोखंडासारखं चुंबक होतं का, हे सोमवारी मुंबईत मोजायचं होतं. सगळी पीएच.डी. त्यावर होती.

नळी कोरडी ठेवायच्या जाड काचेच्या, हवाबंद डेसिकेटरमध्ये आता काठोकाठ पाणी होतं.

"मामा, हे काय?"

शिपाई कानिफनाथ खुशीत होता. "आठ दिसांनी नळ आला, बाई. प्रिन्सिपलसाहेब म्हनले, झाकनाचं एकबी भांडं रिकामं ठिवू नका. ह्याचं झाकन तर लई घट्ट, लोनच्याच्या बरनीला लाजवील!"

"आणि आतली नळी?"

"ती जपलीया की! उन्हानं तडकंल म्हनून माठाखालच्या वल्या वाळूत खोवली. बूचबी सैल केलं, कोंदाटू नये म्हनून."

बाईंनी नळी उपसली. आत राखेसारखा गोळा होता.

विभागप्रमुख काकासाहेब आले. "कोणी केलं? लेखी द्या."

कानिफनाथ हंगामी होता. बाहेर दुष्काळी कामावर खडी फोडण्याखेरीज काही नव्हतं. 'बूच मीच नीट लावलं नव्हतं' असं बाईंनी म्हटलं असतं, तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण निष्काळजी माणसाला पुन्हा धातू कोण देणार?

बाईंनी नाव लिहून दिलं.

दुपारी किल्ल्या टेबलावर ठेवताना कानिफनाथ म्हणाला, "माजं चुकलं, बाई. पर ते पानी तेवढं वतू नका. प्यायचं हाय."

धातूसाठीचा अर्ज त्यांनी त्याच दिवशी टाकला. नमुना कोणाच्या हातून खराब झाला, ते त्यात सविस्तर लिहिलं. महिन्यानं दोन ओळींचं उत्तर आलं: परकीय चलनाअभावी धातू पुन्हा देता येणार नाही. नमुना कोणी बिघडवला, याची चौकशीही त्यात नव्हती.